वाचकांचे प्रश्न : प्राणी दिसला, पण छायाचित्र साधले नाही

वन्यजीव छायाचित्रणासाठी सफारीला जाणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे या वेळी आली आहेत. त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : तीन महिन्यांनी मी पहिल्यांदाच सफारीला जाणार आहे. माझ्याकडे लहान सेन्सरचा कॅमेरा आणि ७०-३०० मिमी लेन्स आहे. ६०० मिमी लेन्स घेतल्याशिवाय जाण्यात अर्थ नाही, असे मित्र सांगतात. ते खरे आहे का?

हाती आहे त्या लेन्सवर आपण निःशंकपणे जावे. आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर दीडपट गुणकाचा असेल, तर ३०० मिमीवर मिळणारी चौकट पूर्ण आकाराच्या सेन्सरवरील ४५० मिमीच्या चौकटीएवढी असते, आणि मोठ्या सस्तन प्राण्यांसाठी ती बहुतेक वेळा पुरते. केवळ पक्षी टिपायचे असतील तर मात्र अधिक लांब लेन्स लागते. तीही पहिल्या खेपेला भाड्याने घेणे शहाणपणाचे, कारण तिचे वजन आपल्याला पेलते का, हे चार तास ती हाताळल्याशिवाय कळत नाही. शिवाय लांब लेन्स अंतर भरून काढते हा समज अर्धाच खरा आहे. ऊन चढल्यावर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागते आणि त्या हवेतून दूरचा प्राणी टिपला, तर कितीही महाग भिंगातून तो वितळल्यासारखाच दिसतो.

लेन्ससाठी बाजूला काढलेले पैसे सफारीच्या आणखी दोन फेऱ्यांवर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. एकाच परिसरात चौथ्यांदा जाणाऱ्याला तेथील पाणवठे, वाटा आणि प्रकाशाची दिशा ठाऊक झालेली असते. ती माहिती कोणत्याही दुकानात मिळत नाही. मधल्या तीन महिन्यांत घराजवळच्या खारी, कबुतरे आणि कुत्री टिपण्याचा सराव रोज करावा आणि शटर वेग, आयएसओ (प्रकाशाबाबतची कॅमेऱ्याची संवेदनशीलता) व फोकसचा बिंदू डोळा व्ह्यूफाइंडरवरून न काढता बदलता येईपर्यंत तो थांबवू नये. उघड्या गाडीत ट्रायपॉडचा फारसा उपयोग होत नाही, कारण गाडीचा प्रत्येक हादरा त्याच्या पायांतून कॅमेऱ्यापर्यंत चढतो. धान्याने किंवा वाळूने भरलेली बीनबॅग कठड्यावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी आणि चालकाला इंजिन बंद करण्याची विनंती करावी. धूळ उडत असताना लेन्स बदलू नये.

प्रश्न : गेल्या सफारीत धावणारा चित्ता दिसला. मी जवळजवळ चारशे छायाचित्रे काढली, पण एकही स्पष्ट आले नाही. रानम्हशींचा काळा कळप राखाडी दिसतो आणि पांढरे बगळे नुसते पांढरे ठिपके होतात, ते वेगळेच. माझे काय चुकते?

त्या चारशे छायाचित्रांपैकी एकही अजून पुसू नका, कारण चूक कोणती आहे हे तीच सांगतील. एक छायाचित्र पूर्ण मोठे करून प्राण्याच्या आजूबाजूचे गवत पाहा. प्राणी आणि गवत दोन्ही एकाच दिशेला फरफटलेले असतील, तर कॅमेरा हललेला आहे. प्राण्याच्या बरोबरीचे गवत स्पष्ट आणि प्राणी मात्र पुसट असेल, तर शटर वेग कमी पडला आहे. प्राण्याच्या पुढचे किंवा मागचे गवत रेखीव असेल, तर फोकस चुकीच्या जागी बसला आहे. या तीन दोषांचे उपाय निरनिराळे आहेत, आणि निदान न करता केवळ महाग कॅमेरा घेतल्याने त्यांतील पहिले दोन दोष जात नाहीत.

धावणाऱ्या प्राण्यासाठी शटर वेग किमान १/१००० सेकंद ठेवावा आणि चित्त्यासारख्या वेगवान प्राण्यासाठी किंवा उडत्या पक्ष्यासाठी तो १/२००० पर्यंत न्यावा. पहाटेच्या मंद उजेडात त्यासाठी आयएसओ ३२०० किंवा ६४०० करावा लागतो आणि नवखे छायाचित्रकार नेमके तेथेच कचरतात. आयएसओ वाढवल्यामुळे छायाचित्रात आलेले दाणे नंतर संगणकावर बरेच कमी करता येतात. हललेले चित्र स्थिर करण्याचा तितका भरवशाचा उपाय नाही. म्हणून शटर वेग आणि अॅपर्चर (लेन्समधून प्रकाश आत येण्याचे छिद्र) स्वतः ठरवून आयएसओ कॅमेऱ्यावर सोपवणे ही सुरुवातीची सर्वांत सोयीची पद्धत होय.

रंगाच्या तक्रारीचे मूळ कॅमेऱ्यातील प्रकाश मोजणाऱ्या मीटरमध्ये आहे. समोरचे दृश्य सरासरी मध्यम राखाडी छटेचे आहे, असे मीटर गृहीत धरते. त्यामुळे काळ्या कळपाने चौकट भरली की ते छायाचित्र उजळवते. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे छायाचित्रासाठी घेतला जाणारा प्रकाश, एक टप्पा (निम्म्यावर) कमी करावे. गर्द पार्श्वभूमीवरील पांढऱ्या बगळ्यासाठीही ते कमीच करावे लागते, पण बगळ्यांनी पूर्ण चौकट व्यापली असेल तर मात्र वाढवावे लागते. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात) छायाचित्र घेतले तरी पिसांचा जळालेला तपशील परत येत नाही, म्हणून हिस्टोग्रामवर, म्हणजे छायाचित्रातील उजेड-अंधाराची विभागणी दाखवणाऱ्या आलेखावर, नजर ठेवावी.

प्रश्न : माझी छायाचित्रे स्पष्ट असतात, पण ओळखपत्रावरील फोटोंसारखी निर्जीव वाटतात. काय करावे?

पहिली दोन मिनिटे संपल्यावरही तेथेच थांबावे. प्राणी दिसताच सगळे कॅमेरे खडखडू लागतात, आणि तो झोपलेला आहे म्हटल्यावर गाड्या पुढच्या प्राण्याच्या शोधात निघून जातात. मी स्वतः एकदा झोपलेल्या सिंहांच्या कळपाजवळ सूर्यास्तापर्यंत बसून राहिलो. प्रथम एका मादीने जांभई दिली, मग दुसरीने अंग ताणले, त्यानंतर त्या एकमेकींच्या डोक्यावर डोके घासू लागल्या, आणि हे कळप उठण्याआधीचे संकेत असतात हे ठाऊक असल्यामुळे मी तयार होतो. त्या वीस मिनिटांनी मला त्या सफारीतील सर्वांत जिवंत छायाचित्रे दिली.

पक्षी उड्डाण घेताना आणि उतरताना बहुधा वारा येतो त्या बाजूला तोंड करतो, म्हणून वारा आणि सूर्य दोन्ही पाठीशी असतील अशी जागा निवडली, तर तो आपल्याकडेच झेपावतो. चालणाऱ्या प्राण्याचा पाठलाग केल्यास फक्त पाठमोरे छायाचित्र मिळते. त्याची वाट ओळखून बऱ्याच अंतराने पुढे जावे आणि वाटेच्या एका बाजूला, ती मोकळी ठेवून, थांबावे. कानही उघडे हवेत. केनियातील अंबोसेली येथे केलेल्या आणि १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की व्हर्वेट माकडे बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी तीन वेगवेगळे इशारे देतात. जेथे जाणार आहोत तेथील माकडांचे आणि हरणांचे इशारे आधीच ऐकून ठेवले, तर बिबट्या दिसण्यापूर्वीच तो कोठे आहे याचा अंदाज येतो.

प्रश्न : आमच्या गाडीतील सहप्रवासी चालकाला आणखी जवळ जाण्याचा आग्रह करतात. किती जवळ जाणे योग्य आहे?

सर्व प्राण्यांना लागू पडेल असा मीटरमधला आकडा देता येत नाही. प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी पलायन-अंतराची कल्पना मांडली : त्या अंतराच्या आत कोणी आले की प्राणी पळू लागतो. मात्र पळण्याच्या कितीतरी आधी तो अस्वस्थ झालेला असतो. चरणे थांबवून मान वर करणे, कान आपल्याकडे रोखणे, पिल्लाला आडोशाला घेणे, हत्तीने कान पसरून आपल्यासमोर उभे राहणे, यांपैकी काहीही दिसले की आपण आधीच जास्त जवळ आलो आहोत असे समजावे आणि सावकाश मागे जावे.

याची किंमत प्राणी कशी मोजतात, हे केनियातील मसाई मारा या वन्यजीव क्षेत्रातील चित्त्यांवरून दिसते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पर्यटकांची वर्दळ जास्त असलेल्या भागात चित्त्याच्या मादीची एका वेतातील सरासरी केवळ ०.२ पिल्ले स्वतंत्र होण्याच्या वयापर्यंत पोहोचली, तर वर्दळ कमी असलेल्या भागात ही सरासरी २.३ होती. चित्ता प्रामुख्याने दिवसा शिकार करतो, म्हणजे आपल्या गाड्या फिरत असतात त्याच वेळी, आणि गाड्यांच्या गराड्यात त्याची शिकार हुकू शकते किंवा पिल्ले आईपासून दुरावू शकतात. हे आकडे वाचल्यापासून पिल्ले असलेल्या चित्त्याच्या मादीभोवती दोन गाड्या आधीच उभ्या असतील, तर मी तिसरी होत नाही.

सहप्रवाशांशी प्राण्यासमोर वाद घालणे अवघड जाते, म्हणून हे निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे. चालकाला सकाळीच स्पष्ट सांगा, की जवळ नेण्यासाठी आमच्याकडून जादा बक्षीस मिळणार नाही, गाडी वाटेवरून खाली उतरवायची नाही, आणि प्राण्याने मान वर केली की आमच्या सांगण्याची वाट न पाहता गाडी थांबवायची.