दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लष्करी अधिकाऱ्यांच्या गाड्या जमवायच्या आहेत. सुरुवात कुठून करू आणि खरी गाडी कशी ओळखू?

तुम्ही लिहिलंय की एका विक्रेत्याने तुम्हाला ‘जर्मन जनरलची खास गाडी’ दाखवली, किंमत भरमसाट सांगितली आणि पुरावा म्हणून एक जुना फोटो पुढे केला. आधी त्याबद्दलच सांगतो. त्या फोटोवर विसंबून एक रुपयाही देऊ नका.

मी मूळचा चिंचवडचा. गेली चौदा वर्षं नोकरीनिमित्त जर्मनीत, केम्निट्झला आहे. इथे आम्ही चौघांनी मिळून १९४४ची एक क्यूबेलवागेन, म्हणजे फोक्सवागेनची हलकी लष्करी गाडी, घेतली आणि सहा वर्षं शनिवार-रविवार खपून ती उभी केली. त्या अनुभवातून लिहितोय.

मोठ्या माणसाचं नाव लागलं की गाडीची किंमत चढते, म्हणून नाव चिकटवलं जातं. कधीकधी तर कुणाचाच फसवण्याचा हेतू नसतो, तरी चुकीचं नाव बसतं ते बसतंच. ओटावाच्या कॅनेडियन वॉर म्युझियममध्ये एक काळी मर्सिडीज ७७० आहे. मे १९४५मध्ये अमेरिकी सैनिकांना ती साल्झबुर्गच्या आसपास रेल्वेच्या उघड्या वाघिणीवर सापडली. पुढे ती अमेरिकेत विकली गेली, तिथून कॅनडात गेली आणि १९७०मध्ये संग्रहालयात आली ती ‘गोअरिंगची गाडी’, म्हणजे हिटलरच्या हवाई दलप्रमुखाची गाडी म्हणून. संग्रहालयाचे ग्रंथपाल लुडविग कोशे यांना ते पटेना. त्यांनी कागद, जुने फोटो, गाडीवरचे नंबर यांचा चिकाटीने माग काढला, तेव्हा कळलं की गाडी गोअरिंगची नाहीच, हिटलरच्या ताफ्यातली आहे. आणि याच मॉडेलची जी गाडी हिटलरने फिनलंडचे सेनापती मानेरहाइम यांना भेट दिली होती, ती युद्धानंतर स्वीडनमार्गे अमेरिकेत पोहोचली आणि तिथे ‘हिटलरची स्वतःची गाडी’ म्हणून लोकांना दाखवली गेली! १९३८ ते १९४३ या काळात बनलेल्या या मॉडेलच्या गाड्या जेमतेम ८८. एवढ्या मोजक्या गाड्यांची नावं अशी इकडची तिकडे होत असतील, तर तुमच्या विक्रेत्याच्या फोटोचं काय घेऊन बसलात?

आता कोणती गाडी घ्यावी. तीन अॅक्सलची मर्सिडीज जी४ एकूण ५७ बनली. हिटलरने स्पेनचा हुकूमशहा फ्रँकोला भेट दिलेली एक आजही स्पेनच्या राजरक्षकांकडे आहे. असल्या गाड्या संग्रहालयात जाऊन बघायच्या. खालोखाल होर्ख आणि वाँडरर या जर्मन कंपन्यांच्या मध्यम लष्करी गाड्या, ऑस्ट्रियातली एअर-कूल्ड व्ही-८ श्टायर १५००, आणि श्टेटिनच्या श्टोव्हर कारखान्याची हलकी फोर-व्हील ड्राइव्ह. श्टेटिन म्हणजे आजच्या पोलंडमधलं श्चेचिन. गाड्या देखण्या आहेत, पण होर्खच्या व्ही-८चा एखादा भाग तुटला तर तो बाजारात मिळत नाही, लेथवर बसून घडवावा लागतो. घेण्याआधी एकदा त्स्विकाऊचं आउगुस्ट होर्ख संग्रहालय नक्की बघा. त्या इंजिनांचं काम किती बारीक होतं ते तिथे डोळ्यांनी दिसतं.

पहिली गाडी म्हणून मी क्यूबेलवागेनच सुचवेन. १९४० ते ४५ या काळात पन्नास हजारांवर बनल्या. अधिकारी, निरोपे, डॉक्टर, सगळेच तिच्यातून फिरले. आतून ती जवळजवळ फोक्सवागेनची बीटलच आहे. इंजिन मागे, एअर-कूल्ड. आधी ९८५ सीसीचं आणि १९४३पासून ११३१ सीसीचं, २५ अश्वशक्तीचं. त्यामुळे बरेच भाग आजही मिळतात. लष्कराची अट होती की पाठीवर ओझं घेऊन चालणाऱ्या शिपायांच्या चालीने, म्हणजे ताशी ४ किलोमीटरने गाडी हळू सरकली पाहिजे. म्हणून मागच्या चाकांपाशी वेगळे रिडक्शन गिअर बसवले. त्याने वेग उतरला आणि गाडीचं पोटही जमिनीपासून वर उचललं गेलं. फोर-व्हील ड्राइव्ह नसूनही ती चिखलातून निघते, त्यात या गिअरचा आणि हलक्या वजनाचा मोठा हात आहे.

पण हेच साम्य खोटी गाडी बनवणाऱ्यांच्याही पथ्यावर पडतं. बीटलची आणि क्यूबेलवागेनची पुढच्या-मागच्या चाकांमधली लांबी सारखीच, २४०० मिलिमीटर. बीटलच्या चासीवर फायबरची बॉडी चढवली, वर राखाडी रंग मारला की लांबून कुणालाही फसायला होतं. १९६९पासून बनलेल्या फोक्सवागेन १८१लाही हाच वेश चढवतात. म्हणून लोहचुंबक खिशात ठेवा. पत्र्याला जागोजागी लावून बघा. जिथे पकड ढिली पडेल तिथे फायबर आहे किंवा बोटभर पुट्टी भरलेली आहे. मग गाडीखाली झोपा आणि मागच्या चाकांचे गिअर बघा. तेही १८१च्या सुरुवातीच्या गाड्यांना होतेच, तेव्हा तेवढ्यावर निकाल देऊ नका. चासीच्या मधल्या बोगद्यावर, म्हणजे तळाच्या मधोमध पुढून मागे जाणाऱ्या पोकळ उंचवट्यावर, ठोकलेला नंबर शोधा. त्या आकड्यांभोवतीचा पत्रा घासलेला किंवा वेल्डिंग केलेला दिसला तर तिथूनच माघारी फिरा. ‘डब्ल्यूएच’ने सुरू होणारी लष्करी नंबर प्लेट, अधिकाऱ्याचं निशाण, डाव्या मडगार्डवरचा ब्लॅकआउटचा दिवा, या सगळ्या वस्तू आज नव्या बनवून मिळतात. त्यांना पुरावा समजू नका.

खरं बोलतो तो रंग. आमच्या गाडीच्या विक्रेत्याने शपथेवर सांगितलं होतं की सगळा पत्रा मूळचा, एकाच गाडीचा आहे. डाव्या बाजूच्या मागच्या दाराच्या बिजागरीपाशी मी रुपयाएवढी जागा पाण्याच्या पॉलिश पेपरने हळूहळू घासत गेलो. वर हिरवा, युद्धानंतर कुणा शेतकऱ्याने मारलेला. त्याखाली गडद पिवळा. आणि त्याच्याही खाली गडद राखाडी. तिथेच हात थांबला. जर्मन सैन्याने फेब्रुवारी १९४३मध्ये राखाडी सोडून गडद पिवळा हा मूळ रंग ठरवला होता. १९४४च्या गाडीत पिवळ्याखाली राखाडी असायचं कारणच नाही. बाकीची तीन दारं घासून पाहिली, तिथे पिवळ्याखाली थेट प्रायमर. म्हणजे ते एक दार जुन्या गाडीचं होतं. आम्ही ते दार ठेवलं, पण विक्रेत्याला पुराव्यानिशी दाखवून किंमत उतरवून घेतली. ती रुपयाएवढी जागा आजही तशीच ठेवली आहे, रंग मारलेला नाही. गाडीच्या फाइलमध्येही स्पष्ट लिहून ठेवलंय, पुढे जो कुणी घेईल त्याला कळावं म्हणून.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. क्यूबेलवागेन जिथे बनली त्या आजच्या वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात युद्धकाळात सुमारे २० हजार माणसांना जबरदस्तीने राबवलं गेलं. त्यांत युद्धकैदी होते, छळछावणीतले कैदी होते. कारखान्याच्या आवारातल्या हवाई हल्ल्यापासून बचावाच्या तळघरात १९९९पासून त्यांचं स्मारक-प्रदर्शन आहे. मी तिथे गेलो त्या दिवसानंतर आमच्या गाडीचा पत्रा मला पूर्वीसारखा दिसला नाही. आम्ही गाडी मेळाव्याला नेतो तेव्हा शेजारी एक पाटी ठेवतो, त्यावर ही माहिती असते. नाझी चिन्हं लावत नाही, गणवेश घालत नाही. जर्मनीत ती चिन्हं मिरवणं दंडसंहितेच्या कलम ८६अ खाली गुन्हा आहेच, पण कायदा नसता तरी मी लावली नसती. तुम्हालाही मनापासून विनंती आहे, तुम्हीही लावू नका.

आपल्या माणसांना जवळची वाटेल अशी एक गाडी या यादीत आहे, टेम्पो जी१२००. हाम्बुर्गच्या विडाल अँड झोन कंपनीची. पुढे एक इंजिन, मागे एक, दोन्ही टू-स्ट्रोक, ६०० सीसीची. पुढचं पुढची चाकं फिरवतं, मागचं मागची. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी या! जर्मन सैन्याने चाचणी घेऊन श्टोव्हर पसंत केली, टेम्पो मात्र परदेशांत विकली गेली. याच कंपनीच्या सहकार्याने १९५८मध्ये बजाज टेम्पो उभी राहिली. आपण मालवाहू गाडीला सरसकट ‘टेम्पो’ म्हणतो तो शब्द तिथला. लहानपणी आकुर्डीवरून जाताना तो बोर्ड रोज दिसायचा, त्यामुळे इथल्या एका प्रदर्शनात जी१२०० पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी बराच वेळ तिच्यापाशीच उभा होतो.

भारतात नोंदणीचं म्हणाल तर २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती चालवता येत नाही. आयातीचं शुल्क मात्र जबर आहे, तेव्हा गाडीचा सौदा करण्याआधी कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटाशी बसून पूर्ण हिशेब मांडा.

विक्रेत्याकडून जनरलचा फोटो नको, तीन फोटो मागवा. बोगद्यावरचा नंबर, मागच्या चाकाचा आतला भाग आणि दाराच्या बिजागरीपाशी घासलेला रंग. ते आले की इथे टाका, मी बघून सांगतो.