राजीनाम्यावर सही करू का?

प्रश्न : वेर्ण्याच्या एका कारखान्यात मी सिलिंडर लायनरला (सिलिंडरच्या आत बसणारी नळी) होनिंग करतो, म्हणजे ती आतून घासून नेमक्या मापाला आणतो. सगळा माल रेल्वेच्या डिझेल इंजिनांचा. वय ४६, नोकरी १८ वर्षं ८ महिने, बेसिक-डीए मिळून १८,२०० रुपये. ऑर्डरी आटल्या, चवथ झाली की कारखाना बंद म्हणतात. एचआरवाले एकेकाला केबिनमध्ये बोलावून टाइप केलेला राजीनामा पुढे ठेवतात. सही केली तर ग्रॅच्युइटीचे १,८९,००० लगेच. माझ्या हातचा माल क्वचितच परत आला, मग आमचं चुकलं कुठे?
– एक कामगार, कुडचडे

उत्तर : सही करू नका. मी २६ वर्षं टाइम ऑफिसात काढली. असे राजीनामे लोकांपुढे सरकवणाऱ्यांत मीही होतो. कागदावर 'वैयक्तिक कारणास्तव' असेल बघा. सगळा खटाटोप त्या दोन शब्दांसाठी. तुम्ही आपणहून गेलात की कारखाना बंद झाल्याची भरपाई बुडाली. ती वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, आणि ग्रॅच्युइटीहून वेगळी. नुसता तोटा झाला, माल पडून राहिला, एवढ्यावर ती कापता येत नाही.

ग्रॅच्युइटीचा हिशेबही लंगडा आहे. १८,२०० भागिले २६ (महिन्याचे कामाचे दिवस) गुणिले १५, म्हणजे वर्षाला १०,५००. त्यांनी १८ ने गुणलं. पण सहा महिन्यांवर नोकरी गेली की ते पूर्ण वर्ष धरायचं. १९ ने गुणा, १,९९,५०० होतात. (हे वरचे महिने आमच्याकडेही असेच 'विसरले' जायचे.)

पैसे देत असतील तर घ्या, पण पावतीवर स्वतःच्या हाताने 'हक्क राखून' लिहा आणि फोटो काढा. चौघे-पाचजण मिळून पणजीला पाटोवर, श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांकडे अर्ज द्या. पोच घेतल्याशिवाय जिना उतरू नका.

तुमच्या हाताचं काही चुकलेलं नाही. कोकण रेल्वेचा सगळा मार्ग २०२२ मध्ये विजेवर आला. वाराणसीच्या इंजिन कारखान्याच्या नावातलं 'डिझेल' २०२० मध्येच गेलं. विजेच्या इंजिनाला सिलिंडरच नाही, लायनर कुठला लागणार?

बार्जला आणि ट्रॉलरला मात्र अजून लागतो. जुवारीकाठच्या वर्कशॉपांत विचारा. बोअर गेज (नळीचा आतला व्यास मोजायचं साधन) स्वतःचं असेल तर सोबत न्या, अर्जापेक्षा ते लवकर वाचतात.