बर्फावर पाय ठेवण्याआधी

बाळा, नाथसागराच्या काठी गळ टाकायला तू शिकलास, पण अमेरिकेत मिनेसोटातल्या गोठलेल्या मिल लॅक्स तळ्यावर चालत जाऊन मासे धरायचे तर आधी बर्फ ओळखता यायला हवा. तिथं मी सात हिवाळे काढलेत, म्हणून कळकळीनं सांगतोय.

चालायला काचेसारखा स्वच्छ बर्फ किमान 4 इंच जाड हवा. पांढरा, दुधाळ असेल तर दुप्पट धर, त्यात हवा असते. एका जागी मोजून भागत नाही. हातात पहार ठेव अन् चार-चार पावलांवर ठोकत जा. एका घावात आरपार गेली की आल्या पावली मागं फिर, मग सोबतचे कितीही पुढं गेलेले असोत.

गळ्यात दोरीला बांधून मुठीचे दोन दाभण असू दे. पाण्यात पडलास तर ज्या बाजूनं आलास तिकडंच तोंड कर, दाभण बर्फात रोव, पाय झाडत पोटावर वर सरक. वर आल्यावर उभा राहू नकोस, लोळत लांब जा.

तंबूत शेगडी पेटवलीस तर झरोका उघडाच ठेव. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आपल्याकडं बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसं उठत नाहीत, तेच हे.

अंगाला सुती बनियन नको, घामानं भिजलं की गारठवतं, लोकरीचं घाल. मासेमारीचा परवाना खिशात ठेव. वॉलाय मासा दिवस मावळताना चांगला लागतो, पण अंधार पडण्याआधी परतीची वाट बघून ठेव अन् काठावरून निघताना मामीला फोन कर.