ब्रिटनमध्ये १८३२ च्या सुधारणा कायद्याने रक्त न सांडता लोकशाही आली, हे खरं आहे का?

नाही. 'रक्त न सांडता' हे शब्द वाचले की मला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा चाचणीचा पेपर आठवतो.

मी लिहिलं होतं की १८३२ ने कामगाराच्या हाती काही दिलं नाही. ओल्ड सेरमसारखे, मूठभर मतदारांचे ५६ मतदारसंघ रद्द झाले, लाखावर वस्तीच्या मँचेस्टरला खासदार मिळाले, पण शहरात मत कोणाला? वर्षाला १० पौंड भाड्याच्या घरात राहणाऱ्या पुरुषाला. सरांनी लाल शाईने काट मारून समासात लिहिलं, 'ब्रिटिश लोकशाही शांततेने वाढली.' १० पैकी ३. विचारायला उभा राहिलो तर 'पुस्तकात आहे तेवढं लिहा' म्हणून बसवलं.

पस्तीस वर्षांनी लेकीकडे मँचेस्टरला गेलो, तेव्हा पहिल्याच रविवारी सेंट पीटर्स फील्डची जागा शोधली. १६ ऑगस्ट १८१९ ला मताचा हक्क मागायला इथे साठेक हजार माणसं जमली होती, बायकापोरांसकट, ठेवणीतले कपडे घालून. त्यांच्यावर घोडदळ घातलं. निदान १५ मेले, शेकडो जखमी झाले. आता तिथे गोल पायऱ्यांचं स्मारक आहे, त्यावर मेलेल्यांची नावं कोरली आहेत. विल्यम फिल्ड्स दोन वर्षांचा होता. मैदानाकडे दौडत निघालेल्या घोडेस्वाराच्या धक्क्याने तो रस्त्यातच आईच्या हातून पडला आणि गेला. मी पायरीवर बसून राहिलो. शेवटी लेक म्हणाली, "बाबा, चला, पाऊस येतोय."

पुढचंही असंच भांडून मिळालं. सगळ्या पुरुषांना मत मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीने संसदेकडे तीनदा अर्ज केले, एकही मान्य झाला नाही. १८३९ ला वेल्समधल्या न्यूपोर्टला सैनिकांच्या गोळ्यांनी त्यांची वीसेक माणसं मेली. गुप्त मतदान आलं १८७२ ला. बायकांना मत १९१८ ला, तेही तिशीपुढच्या आणि मालमत्तेची अट पाळणाऱ्यांना. पुरुषांच्या बरोबरीने थेट १९२८ ला.

फ्रान्ससारखी क्रांती झाली नाही आणि १८३२ चा कायदा संसदेनेच केला, एवढं मान्य. पण ऑक्टोबर १८३१ मध्ये लॉर्ड्सनी, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाने, विधेयक फेटाळल्यावर दंगलीत ब्रिस्टल शहर जळलं होतं, आणि विधेयकाच्या बाजूने बहुमत व्हावं म्हणून राजा नवे लॉर्ड नेमायला तयार झाला तेव्हाच जुने लॉर्ड वाकले.

परीक्षेसाठी विचारत असाल तर सेंट पीटर्स फील्डचं हत्याकांड, म्हणजे पीटरलू, लिहाच. मार्क कापले तर पेपर घेऊन विभागप्रमुखांकडे जा. मी गेलो नाही, ते चुकलं. उत्तर मात्र आजही तेच लिहीन, ब्रिस्टलचं वाक्य वाढवून.