गालिच्याखालचा चौकोन आणि अडकलेलं डिपॉझिट

प्रश्न : पुण्यात तीन वर्षं लिव्ह अँड लायसन्सवर राहिलो. हॉलला पश्चिमेची मोठी खिडकी आणि वॉलनटचं वुडन फ्लोरिंग. सोडताना गालिचा उचलला तर खाली गडद चौकोन, बाकी सगळं फिकं. खिडकीशी कुंड्यांचे काळे डागही आहेत. 'पडदे लावले नाहीत' म्हणून मालक दीड लाखाच्या डिपॉझिटमधून नव्या फ्लोरिंगचे ६५,००० कापतायत. कापू शकतात का?

उत्तर : मालकांनी पाठवलेला त्या चौकोनाचा फोटो जपून ठेवा, तो तुमच्याच कामाचा आहे. उन्हाने लाकडातलं लिग्निन आणि रंगद्रव्यं बदलतात. साधी काच अतिनील किरण पुरते अडवत नाही, शिवाय नुसत्या उजेडानेही रंग उतरतो. चेरीचं लाकूड गडद होतं, वॉलनट फिकं पडतं. म्हणजे मूळ रंग टिकला तो गालिच्याखाली. बाकीचं उन्हाने केलं. मालक स्वतः राहते तरी झालंच असतं.

भाडेकरूने जागा घेतली तशी परत द्यायची, पण वाजवी झीज वगळून, असं मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम १०८ सांगतं. लिव्ह अँड लायसन्स हा भाडेपट्टा नव्हे, त्यामुळे ते तुम्हाला थेट लागू नाही. तुमचा करारच काढून वाचा. 'नॉर्मल वेअर अँड टेअर' वगळल्याचं वाक्य बहुतेक मसुद्यांत असतं. पडदे ओढून ठेवायची अट आहे का, तेही बघा. नसेल, तर करारभंगच नाही. आणि करार कायद्याच्या कलम ७३ खाली भरपाई मिळते ती करारभंगाने झालेल्या नुकसानीची. अट असेल, तर तुमची बाजू लंगडी होते. तरीही जुन्या फ्लोरिंगच्या बदल्यात कोरं करकरीत फ्लोरिंग तुमच्या खर्चाने मागणं जास्तच झालं. (करार नोंदवलेलाच नसेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत तुमचं म्हणणं ग्राह्य धरतात.)

कुंड्यांचे डाग मात्र उन्हाच्या खात्यात घालू नका. ते पाण्याचे आहेत. तेवढ्या फळ्यांचं कोटेशन सुताराकडून घ्या, ती रक्कम मान्य करा आणि बाकीचे पैसे १५ दिवसांत मागणारी नोटीस स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. नाही दिले, तर दिवाणी दावा. मुदत साधारण ३ वर्षांची असते, पण तेवढं थांबू नका. तोवर मालकांनी फ्लोरिंग उखडलं, तर तो चौकोन फोटोतच उरेल. राहायला आलात त्या दिवशीचे हॉलचे फोटो व्हॉट्सॲपवर सापडतात का, ते आजच बघा.