नायजेरियन लोकांना आपल्या इंग्रजी उच्चारांचा इतका अभिमान का असतो, आणि बाहेरच्या लोकांची त्यावर काय प्रतिक्रिया असते?

आपण प्रश्नाच्या तपशिलात लिहिले आहे की आपल्या पुण्यातील कार्यालयात एक नायजेरियन सहकारी आहेत, उच्चार जरा ‘न्यूट्रल’ करा असे कोणी सुचवले की ते हसून विषय बदलतात, आणि हा अभिमान समजावा की हट्ट, हे आपल्याला उमगत नाही. मी २००९ ते २०१८ अशी नऊ वर्षे नायजेरियातील लागोस शहराच्या इकेजा भागातील एका प्लास्टिक कारखान्यात देखभाल विभागात नोकरी केली. पुढे जे लिहितो आहे ते मुख्यतः त्या कारखान्याच्या आवारात कानावर पडलेले आहे.

रुजू झाल्यानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी संध्याकाळी आमच्या स्टोअरकीपरने दारातून डोकावून सांगितले, “ओगा, द बॉस इज आउटसाइड.” ओगा म्हणजे साहेब. मी घाईघाईने टेबल आवरले, शर्ट नीट खोचला आणि मालकांना सामोरा जायला म्हणून बाहेर आलो, तर फाटकापाशी कामगारांना घरी सोडणारी बस उभी होती. इंग्रजीतील ‘बस’, ‘कप’, ‘ब्रदर’ या शब्दांतला स्वर दक्षिण नायजेरियात ‘ऑ’कडे झुकतो, त्यामुळे बस आणि बॉस यांचा उच्चार एकच होतो आणि संदर्भावरून काय ते ओळखायचे असते. याच स्टोअरकीपरने दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर अर्धी वही उघडी टाकून “आय अ‍ॅम कमिंग” असे म्हटले आणि तो चक्क निघून गेला. मी दहा मिनिटे बुचकळ्यात पडून बसलो. तिकडे त्या वाक्याचा अर्थ ‘जरा जाऊन येतो’ असा होतो, हे मला नंतर शेजारच्या टेबलावरून कळले.

मी तेव्हा या सगळ्याला ‘चुकीचे इंग्रजी’ म्हणत असे. ते तसे नाही हे समजायला मला दोनेक वर्षे लागली. योरुबा भाषेत सात मौखिक स्वर आहेत आणि आपल्या ‘अ’सारखा स्वर त्यांत नाही, मग तो स्वर असलेला शब्द जवळच्या स्वराच्या घरात जाऊन राहणार, हे ओघानेच आले. शिवाय योरुबा, इग्बो आणि हौसा या नायजेरियातल्या तिन्ही मोठ्या भाषा सुरांच्या आहेत, म्हणजे सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. योरुबात ‘ऑकॉ’ हा एकच शब्द सूर वरखाली केल्याने नवरा, कुदळ, वाहन किंवा भाला होतो. ज्याचा कान आणि गळा जन्मापासून असा घडला आहे, तो माणूस इंग्रजी बोलतानाही शब्दातले अक्षर न् अक्षर पूर्ण वजनाने उच्चारतो आणि वाक्याला चढउतार देतो. नवख्या माणसाला वाटते की हे लोक भांडत आहेत. ‘मॅडम’ या शब्दाचा शेवटचा भाग वर उचलून म्हटलेला ऐकला की मला आजही इकेजाचे ते दुपारचे ऑफिस आठवते. प्रत्येक अक्षराला सारखाच वेळ देण्याची ही सवय मराठी माणसाच्या इंग्रजीतही असते, म्हणून खरे तर त्यांचे बोलणे आपल्याला एखाद्या इंग्रजापेक्षा लवकर कळायला हवे.

आता अभिमानाकडे येतो. सर्वप्रथम हे सांगायला हवे की ‘नायजेरियन अ‍ॅक्सेंट’ अशी एकच एक वस्तू नायजेरियात सापडत नाही. पाचशेहून अधिक भाषांचा तो देश आहे. १ ऑक्टोबर १९६० रोजी तो स्वतंत्र झाला, तेव्हा त्यांतली कोणतीही एक भाषा सर्वांना मान्य होण्यासारखी नव्हती, म्हणून इंग्रजी राजभाषा राहिली आणि मग प्रत्येक भाषेने ती आपापल्या पद्धतीने वापरायला घेतली. आमच्या फाटकावरचा मायगार्ड, म्हणजे पहारेकरी, उत्तरेकडच्या कानो शहराचा हौसाभाषक होता. हौसात ‘प’ हा स्वतंत्र वर्ण नाही, त्यामुळे तो ‘पीपल’ला ‘फीफुल’ म्हणे, आणि महिनाअखेरीस “डेम नेव्हा फे अस” अशी त्याची तक्रार असे, म्हणजे अजून पगार झालेला नाही. स्टोअरकीपर योरुबा होता. त्याचा ‘ह’ जिथे हवा तिथून गळून पडायचा आणि नको तिथे चिकटायचा, म्हणजे ‘हाउस’चे ‘आउस’ आणि ‘एग’चे ‘हेग’. दुपारच्या जेवणाला ही मंडळी एकमेकांच्या नकला अशा निर्दयपणे करत की आपल्याकडे मालवणी आणि वऱ्हाडी माणसे एका पंगतीत बसल्याचा भास व्हावा. त्या थट्टेत कोणी दुखावले गेल्याचे मी पाहिले नाही.

मात्र एकदा एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा पुतण्या सहा आठवडे लंडनला राहून परतला आणि ‘वॉटर’मधला ‘ट’ गिळून बोलू लागला. पहिल्या दिवशी सगळे गप्प राहिले; दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा खोलीबाहेर पडला की हशा उसळू लागला. या प्रकाराला तिकडे ‘लाफा’ असे नाव आहे: इंग्रजी आद्याक्षरांवरून बनलेला शब्द, अर्थ ‘देशातल्या देशात कमावलेला परदेशी उच्चार’. “नाकातून बोलतो” असेही म्हणतात. मायगार्डच्या ‘फ’वर हसणे हे घरच्या माणसाला हसणे होते, आणि पुतण्याला हसणे हे घर सोडून गेल्याचे आव आणणाऱ्याला हसणे होते. आपण ज्याला अभिमान म्हणता त्याचे मूळ मला या दुसऱ्या हसण्यात दिसते.

अर्थात हे चित्र इतके निर्भेळ नाही. त्याच लागोसमध्ये ‘व्हर्नॅक्युलर बोलू नये’ अशा पाट्या शाळांमधून लागलेल्या असतात, मातृभाषेत बोलणाऱ्या मुलांना दंड होतो, आणि रेडिओवरचे कित्येक निवेदक कधी परदेशी गेलेले नसतानाही अमेरिकन ढंगात बोलतात. दुसरीकडे २००७ पासून वाझोबिया एफएम हे केंद्र पिजिनमध्ये, म्हणजे इंग्रजी आणि स्थानिक भाषांच्या मिश्रणातून घडलेल्या बोलीत, चालते आणि आमच्या ड्रायव्हरच्या गाडीत दुसरे केंद्र कधी लागत नसे. वाझोबिया हा शब्दही मोठा सुरेख आहे: योरुबात ‘वा’, हौसात ‘झो’ आणि इग्बोत ‘बिया’, तिन्हींचा अर्थ ‘ये’. ऑगस्ट २०१७ मध्ये बीबीसीने पिजिनमधून बातम्या सुरू केल्या, तेव्हा आमचा ड्रायव्हर मला फोन दाखवून म्हणाला होता की बघा, आता इंग्रज आमच्याकडून शिकतो आहे.

बाहेरच्यांच्या प्रतिक्रियांमध्ये सर्वांत सामान्य प्रतिक्रिया आश्चर्याची असते. चिमामांडा न्गोझी आदिची या लेखिकेने २००९ च्या एका भाषणात सांगितले आहे की अमेरिकेत शिकायला गेल्यावर त्यांच्या खोलीतल्या मुलीने त्यांना विचारले, इतके चांगले इंग्रजी तू कुठे शिकलीस. नायजेरियाची राजभाषाच इंग्रजी आहे हे ऐकून ती गोंधळली. वरवर हे कौतुक आहे, पण ज्याच्या आजोबांनीही शाळेत इंग्रजीच गिरवले त्याला ते बोचते. कागदोपत्री प्रतिक्रियाही तशीच: ब्रिटनच्या व्हिसानियमांत इंग्रजीभाषक बहुसंख्य असलेल्या देशांची जी यादी आहे, तिच्यात नायजेरिया नाही, आणि भारतही नाही. दुसरी प्रतिक्रिया संशयाची. नायजेरियाच्या दंडसंहितेतील फसवणुकीच्या कलमावरून ‘४१९’ हा आकडा जगभर बदनाम झाला आणि फोनवर तो सूर ऐकताच समोरचा सावध होतो. आमच्या खरेदी विभागाचा परदेशी पुरवठादाराला पहिला फोन बहुधा मलाच करायला लावत, त्यामागचे कारण कोणी कधी उच्चारले नाही, पण ते सर्वांना ठाऊक होते.

तिसरी प्रतिक्रिया नक्कल करण्याची. २०१५ साली विल स्मिथने एका हॉलिवूडपटात डॉ. बेनेट ओमालू या नायजेरियन वैद्यकतज्ज्ञाची भूमिका केली, तेव्हा कारखान्यात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. आक्षेप असा की हा उच्चार नायजेरियातल्या कोणत्याच गावचा नाही, सबंध आफ्रिका ढवळून काढलेले ते सरबत आहे. एखाद्या परप्रांतीय नटाने मराठी माणूस रंगवताना प्रत्येक वाक्यात ‘अरे बाबा’ घालावे आणि काम झाले असे समजावे, तसलाच तो प्रकार. याउलट न्गोझी ओकोन्जो-इवेआला हार्वर्ड आणि एमआयटीत शिकल्या, जागतिक बँकेत पंचवीस वर्षे राहिल्या, मार्च २०२१ पासून जागतिक व्यापार संघटनेच्या प्रमुख आहेत, आणि तरीही त्यांचे कोणतेही भाषण ऐकावे, सूर नायजेरियाचाच आहे. आमच्या तिकडच्या ओळखीच्या मंडळींना त्यांच्या पदाइतकेच याचेही अप्रूप वाटते.

आपल्या माणसांबद्दल लिहिताना मला थोडे अवघडल्यासारखे होते. लागोसमधील आम्ही भारतीय व्यवस्थापक शनिवारच्या बैठकीत तिथल्या उच्चारांच्या नकला करत असू, आणि सोमवारी कामगारांशी मोडकेतोडके इंग्रजी बोलून त्यालाच पिजिन समजत असू. पिजिनला स्वतःचे व्याकरण आहे: ‘आय डे गो’ म्हणजे जातो आहे, ‘आय डॉन गो’ म्हणजे गेलो, आणि ‘आय गो गो’ म्हणजे जाईन. मी एकदा मोठ्या आत्मविश्वासाने “आय गो कम यस्टरडे” असे म्हटले, म्हणजे ‘मी काल येईन’. स्टोअरकीपरने अत्यंत गंभीर चेहऱ्याने उत्तर दिले, “ओगा, यस्टडे डॉन गो.” काल तर जाऊन चुकला आहे, साहेब.

माझा स्वतःचा दृष्टिकोन बदलला तो एका व्हिडिओ कॉलनंतर. आमच्याकडे उत्पादनाचे नियोजन पाहणारी एक इग्बो सहकारी होती, एनुगू शहराची. युरोपातील यंत्र पुरवठादाराचा अभियंता तिला तीनदा ‘पार्डन’ म्हणाला, कारण तिचे ‘थर्टी’ त्याला ‘थर्टीन’ वाटत होते. तिने उच्चार बदलला नाही. ती शांतपणे “थ्री, झीरो” म्हणाली आणि कागदावर आकडा लिहून कॅमेऱ्यासमोर धरला. कॉल संपल्यावर ती मला म्हणाली की त्याचे इंग्रजी मलाही सहज कळत नव्हते, पण मी कान देऊन ऐकले आणि त्याला एकदाही परत बोलायला लावले नाही. उच्चार त्यालाही आहेतच, मग सगळी मेहनत मी एकटीनेच का करायची?

मी मूळचा यवतमाळचा. पुण्यात अभियांत्रिकीला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये ‘पानी’ मागितले आणि ‘मी जेवून राहिलो’ असे म्हटले, आणि ती चार वर्षे मी माझा ‘ण’ दुरुस्त करण्यात घालवली. दुरुस्त झालाही, रागात किंवा घाईत मात्र अजून ‘पानी’च निघते. तिच्या त्या प्रश्नावर मला काहीच बोलता आले नाही ते यामुळे. तेव्हा आपल्या सहकाऱ्यांबद्दल माझे मत असे आहे की ज्या शब्दाशी अडते तो शब्द जरूर पुन्हा विचारावा, आकडे लिहून घ्यावेत, पण सबंध बोलणे बदलायला सांगू नये. हा हट्ट असलाच तर तो ऐकणाऱ्यानेही आपला वाटा उचलावा एवढाच आहे.

गेल्या वर्षी तोच स्टोअरकीपर आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी नवी मुंबईत आला होता आणि मी सोबतीला रुग्णालयात गेलो होतो. खिडकीवरच्या बाईंनी जुन्या तपासणीचे कागद मागितले. ते वरच्या मजल्यावर आईजवळ राहिले होते, म्हणून तो “आय अ‍ॅम कमिंग” असे म्हणून तडक जिन्याकडे वळला. बाईंनी शेजारच्या मुलीकडे पाहिले आणि मराठीत म्हणाल्या, “येतो म्हणाला आणि निघून काय गेला गं? ह्यांचं इंग्लिश म्हणजे ना.” मी समजावून सांगायला तोंड उघडले होते, तेवढ्यात त्यांची पाळी संपली. त्यांनी पर्स खांद्याला लावली, डबा उचलला, “चल गं, येते मी” असे त्या मुलीला सांगितले आणि त्या घरी गेल्या.