आईचे गुडघे आणि तिसरी रांग

प्रश्न : आम्ही चिपळूणला राहतो. घरात आम्ही दोघं, चार आणि नऊ वर्षांची मुलं, आई-बाबा. महिन्यातून एकदा कुंभार्ली घाटातून कराडला जातो. सात सीटर एसयूव्ही घ्यावी का?

उत्तर : ताई, सहा माणसं म्हणजे तिसरी रांग लागणारच. पण शोरूमला आईंना घेऊन जा, हे कळकळीने सांगते. माझ्या आईला न विचारता आम्ही उंच गाडी घेतली. हँडल धरून, एक पाय पायरीवर ठेवून ती तशीच थांबायची. गुडघा वर उचलतच नसे. शेवटी तिने लग्नकार्याला येणंच सोडलं. मला अजून लागतं ते.

मागच्या रांगेत तुम्ही स्वतः दहा मिनिटं बसा. गुडघे छातीशी आले तर ती जागा नऊ वर्षांच्या मुलाचीच. घाटाच्या वळणांवर मागे मळमळतंही जास्त, तेव्हा एसीचा झोत तिथे पोचतो का बघा. तिसरी रांग उघडी ठेवून डिकीत तुमच्या दोन बॅगा आणि तांदळाचं पोतं मावतं का, तेही तिथेच बघा. बहुतेक गाड्यांत मावत नाही. मग कॅरिअर लावावा लागतो.

धाकट्यासाठी आयसोफिक्सची, म्हणजे गाडीच्या सीटमधल्या पक्क्या हुकांना अडकणारी चाइल्ड सीट हवीच, मांडीवर बसवू नका. भारत एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्यांना तारे देणाऱ्या आपल्याकडच्या अपघात-चाचणीत, मुलांच्या सुरक्षेचे गुण वेगळे, 49 पैकी असतात. नुसते तारे न पाहता ते विचारा.

फोर बाय फोरचे, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देणाऱ्या सोयीचे पैसे मात्र वाचवा. डांबरी घाटाला चांगले टायर आणि ब्रेक पुरतात.